फुकटच्या कामाची पावती

लेकीनं भिंतीवरच्या कॅलेंडरवर पाडव्याच्या चौकोनात निळ्या पेनानं फुली मारली आणि म्हणाली, "आई, त्या दिवशी मी हे बंद करणार."

हे म्हणजे काय, ते मला तेव्हा अर्धंच कळत होतं. आता पाऊण कळतं म्हणा. मी शाळेत दुसरीपर्यंत. पुढचं वाचायला शिकले ती एसटीच्या पाट्यांवर आणि वाण्याच्या पुड्यांच्या कागदावर. त्यामुळं कुठलीही गोष्ट मला माझ्या मापाला कापून घ्यावी लागते.

तर ते असं. पूर्वी छापखान्यात, ग्रामपंचायतीत संगणकावर मराठी टाइप करायचे, त्याची तऱ्हा निराळी होती. ते आज नव्या फोनवर उघडलं की मराठी दिसतच नाही, नुसत्या मुंग्या चाललेल्या दिसतात. माझ्या लेकीनं कॉलेजात असताना हौसेनं एक प्रोग्रॅम लिहिला, तो त्या मुंग्यांची परत अक्षरं करतो. तिनं तो नेटवर उघडा ठेवला. उघडा म्हणजे आतली शिवणसुद्धा दिसते. कुणीही घ्यावा, वापरावा, उसवून बघावा, पैसे नकोत. असं करणारे जगभर लोक आहेत म्हणे.

मी म्हटलं, म्हणजे पाणपोईच की. पण पाणपोईवर पाणी पिणारा माणूस, रांजण गळतोय म्हणून पाजणाऱ्याला शिव्या देत नाही. हिला देत होते. दिवसभर घरी बसून पुण्याच्या कंपनीची नोकरी, ती संपली की ह्या फुकट्यांच्या तक्रारी. टाइप करून करून मनगट धरलं, त्याला डॉक्टरचा पट्टा आला. त्यात बेंगळुरूच्या एका मोठ्या कंपनीनं हिचा प्रोग्रॅम आपल्या ॲपात बसवला, लोकांकडून पैसे घेतले, आणि तक्रारी पाठवल्या हिला.

"मग पैसे लाव की," मी म्हटलं.

"लावले तर गगनबावड्याकडच्या ग्रामपंचायतीतली एक बाई हे वापरते, ती कुठनं देणार? ती नेटचं रिचार्जसुद्धा स्वतःच्या खिशातनं मारते."

"मग मोठ्यांना तेवढे लाव."

"त्यांची कायद्यानं चूक नाही, आई. मीच लिहून दिलंय, कुणीही घ्या म्हणून."

"मग लिहून दिलंस कशाला, शहाणे?"

"कारण मीपण दुसऱ्यांचं उघडं ठेवलेलं उसवूनच शिकले. क्लास कुठं लावला होतास तू मला?"

मी पुड्यांवर शिकलेली. त्या कागदांचे पैसे मी तरी कुणाला दिले?

पापडाचे दिवस जवळ आले होते. आमच्या गल्लीत पापड पैऱ्यानं होतात. आज सगळ्या माझ्या घरी लाटणार, उद्या मी त्यांच्या घरी. पैशाचं नाव नाही. जिचा हात दुखतो ती लाट्या करते, जिला तेही जमत नाही ती चहा टाकते आणि गावभरच्या बातम्या सांगते. तेही कामच. मला वाटलं, सापडलं उत्तर! पण मग चटणी-पापडाच्या दुकानवाली आठवली. ती गल्लीत नवी राहायला आली, पैऱ्यात शिरली आणि आमच्याकडून दुकानाचेच पापड लाटून घ्यायला लागली. तेव्हा थोरल्या जाऊबाईंनी लाटणं खाली ठेवलं होतं.

"खायला करतीस तर पैरा. इकायला करतीस तर हजेरी दे."

तिनं हजेरी दिली, दिवसाची मजुरी. झालं? कुठलं! दुसऱ्या दिवशी म्हणते, "मी पैसं दिल्यात, माझं आधी लाटा. आन जरा पातळ!" मग ठरलं, हजेरी घेऊ पण पाळी बदलणार नाही. त्यानंतर खरी भांडणं. जास्त लाटणारीनं जास्त घ्यायचं का? चहावालीला द्यायचं का नाही? आठवडाभर दोघी जावा बोलत नव्हतो.

एवढं आठवूनसुद्धा मी मधे पडलेच. लेक आंघोळीला गेली होती, तिचा फोन वाजला. इचलकरंजीचे छापखानेवाले.

"ओ म्याडम, तुमचं ते यंत्र जोडाक्षरं खायला लागलंय! लई घाण केलीया."

"मी तिची आई बोलते. पावणं, पैसे किती भरलेत?"

"पैसं? फुकट हाय की ते."

"मग पैऱ्याला या."

"पैऱ्याला? आता कसली सुगी म्हणायची?"

त्यांना सगळं समजावून सांगितलं. म्हटलं, कोड तुम्हाला येत नाही, मलापण येत नाही. पण मराठी येतं न्हवं? कुठलं अक्षर कुठं बिघडतं ते लिहून आणा. ते बरं म्हणाले आणि फोन ठेवला. मला वाटलं, गेला माणूस, टळला.

चौथ्या दिवशी ते दारात. पिशवीत चाळीस पानं, प्रत्येक चुकीला लाल गोल, बाजूला बरोबर अक्षर. आयुष्यभर प्रुफं तपासलेला माणूस. लेक आधी माझ्यावर डोळे काढत होती, मग पानं चाळत खालीच बसली. "हे करायला मला दोन महिने लागले असते," म्हणाली. चहा गार झाला तरी दोघांचं संपेना.

त्या जोरावर मी तिला बेंगळुरूला लिहायला लावलं. वापरून पैसे मिळवताय, तर एक माणूस कामाला द्या नाहीतर हजेरी द्या. पाळी बदलणार नाही. तिकडून एका साहेबाचा फोन आला, लेकीनं तो स्पीकरवर टाकला. अगदी गोड माणूस, मराठी बोलणारा.

"द्यायला आमची हरकत नाही हो. पण बिल कशाचं फाडणार? वस्तू तर फुकट आहे. फुकटच्या वस्तूचे पैसे आमचं अकाउंट पास करत नाही."

लेक माझ्याकडे बघायला लागली. मी हातानं लाटणं फिरवल्याची खूण केली. ती फोनवर म्हणाली, "वस्तूचं नको. माझ्या हजेरीचं."

"वर विचारतो," ते म्हणाले. अजून विचारतायत.

पाडवा तीन दिवसांवर आला तेव्हा लेक त्या फुलीसमोर उभी होती. मनगटाला पट्टा तसाच.

"मग? करतीस बंद?"

"आता कसं करू? त्या पावण्यांनी चाळीस पानं करून दिलीत. त्यांचा पैरा फेडायला नको? आणि समजा बेंगळुरूचे पैसे आलेच, तर त्यातनं त्यांना किती द्यायचे, आई?"

मी गेले होते तिचं ओझं उतरवायला. न्याय झाला का मीच तिच्या डोक्यावर आणखी एक पाटी ठेवली, हे पापड लाटताना आजसुद्धा मी जाऊबाईंना विचारते. त्या म्हणतात, "आधी लाट्या संपीव."