काकाला सापडलेला दिलासा

माझा काका छापखान्यात मुद्रितशोधक आहे, म्हणजे छपाईआधी चुका पकडणारा. समोर बसून मूळ मजकूर मोठ्यानं वाचतो त्याचा मित्र. त्याच्या आवाजामुळे सगळे त्याला भोंगा म्हणतात. भोंगा चिन्हंसुद्धा वाचतो : "झाकण घट्ट बसवावे पूर्णविराम! नवा परिच्छेद!" मी ही नक्कल केली की काकू आतून हमखास विचारते, "भावजी, चहा टाकू ना?"

गेल्या आठवड्यात भोंग्याची बायको गेली. तेव्हा सगळ्यांसोबत काका जाऊन आला, पण तोंडातून अक्षर फुटलं नाही. आता एकट्यानं भेटायला जायचं, तर बोलायचं काय? मूळ माहीत नसलेला शब्द काका वापरत नाही. बसला शब्दकोश मांडीवर घेऊन.

"सांत्वन. संस्कृत. सान्त्व म्हणजे गोड बोलणं," काका काकूला म्हणाला. "अगं, पण हे तर शत्रूला वळवून घ्यायलाही चालायचं! भोंग्याला कुठे वळवायचंय?"

"तुमचा कोश संपेपर्यंत ते बिचारे भिंतीशी बोलायला लागतील," काकू म्हणाली.

पाचव्या दिवशी काका ओरडला, "दिलासा! फारसी! दिल म्हणजे हृदय, आसा म्हणजे विसावा देणारं!"

"पण तो द्यायचा कसा?" मी विचारलं.

काकानं पान उलटून पाहिलं. कोशात ते नव्हतं.

तरी आम्ही गेलो. दार उघडून भोंगा "या" म्हणाला, तेही इतकं हळू की मला त्याची नक्कल करावीशी वाटेना. आत बसल्यावर काकानं पिशवीतून पाण्याच्या पंपाच्या माहितीपुस्तिकेचे कागद काढले.

"तुझ्या जागी साहेब स्वतः वाचायला बसतात सध्या. स्वल्पविराम गिळतात रे."

"गिळतात?" भोंग्यानं कागद ओढले. "आण इकडे. पंप बराच काळ बंद राहिल्यास स्वल्पविराम..."

तिथे तो रडू लागला. काकानं मान वर केली नाही. पेन्सिल त्याच शब्दावर टेकवून थांबला, किती तरी वेळ.

मग भोंग्यानं बाहीनं नाक पुसलं. "...आधी पाणी भरून घ्यावे पूर्णविराम!"

समोरच्या घराची खिडकी उघडली. काकानं कागदावर खूण केली.

"उद्या किती वाजता?" भोंग्यानं विचारलं.

"नेहमीच्याच. आधी हे पान संपव."