निम्म्या मापाची टाकी

कुशाबाईच्या तोंडाला लागू नये, असं ओतूरकडच्या त्या गावात सगळेच म्हणत. म्हणोत बापडे. तिच्या रागाचं कारण सिमेंटचं होतं आणि सगळ्यांच्या डोळ्यांदेखत उभं होतं.

शहाण्णव साली गावात नळ आले. गावाला टाकी झाली दहा फूट लांब, दहा रुंद, दहा उंच. बौद्धवस्तीत घरं गावाच्या निम्मी, म्हणून कुशाबाईनं ग्रामसभेत निम्मं पाणी मागितलं. "निम्म्या मापाची टाकी देऊ की," सरपंच म्हणाले आणि वस्तीनं टाळ्या वाजवल्या. टाकी झाली पाच फूट लांब, पाच रुंद, पाच उंच.

गावात नळ दुपारपर्यंत वाहायचे. वस्तीत पहिल्या काही घरांचं भागलं की टाकी कोरडी ठणठणीत. बाकीच्या बाया ओढ्याला जायच्या, त्यांत कुशाबाईची पोटुशी सून स्वप्नाही. सरपंच म्हणत, वस्तीवाले पाणी उधळतात. कुशाबाईला ते खरं वाटलं आणि कितीतरी दिवस ती शेजारणींशीच कडाकडा भांडली.

मग एकदा टाकीची गळती बुजवायला जानकू गवंडी आला. दोन्ही टाक्या त्यानंच बांधलेल्या. तो सहज बोलला, "मावशी, निम्मी कुठली? लांबी, रुंदी, उंची, तिन्ही निम्म्या केल्यात. गावच्या टाकीत तळाला अशा चार बसतील, वर आनखी चार."

"आठ? आन् बांधताना तुजं तोंड शिवलं व्हतं?"

"मला दिलं ते माप बांधलं."

कुशाबाईच्या अंगाचा तिळपापड झाला. शेजारणींना घातलेल्या शिव्या आठवून तर जास्तच.

पुढच्या सभेत ती उभी राहिली. "सरपंच, आमची टाकी निम्मी हाय न्हवं? मंग अशा दोन तुमी घ्या, तुमची एक आमाला द्या."

सरपंच बोलून गेले, "दोन टाक्यांत गावाचं कसं भागंल?"

"न्हाईच भागायचं," कुशाबाई म्हणाली. "आनखी तीन बांधा, मंग आमचं निम्मं व्हईल. तवर आमी तुमच्या टाकीवर भरू."

तिनं परवानगी मागितली नव्हती. दुसऱ्या दिवशी सुनेला घरी बसवून ती घागर घेऊन गावच्या टाकीवर गेली. मागून सगळ्या शेजारणी आल्या. नळाशी उभ्या असलेल्या सरपंचांच्या बायकोला ती म्हणाली, "बाई, जरा सरका," आणि तिनं तोटी सोडली.