भात लावायचं यंत्र आणि सूसचा साहेब

त्या सूसच्या साहेबाचं उतरलेलं तोंड आठवलं की मला आजही चहा गोड लागतो. लोक म्हणतात, झालं गेलं विसरावं. मी म्हणतो, का म्हणून?

पौड रस्त्याला, कासार आंबोलीच्या अलीकडे माझं छोटं वर्कशॉप आहे. गेट, ग्रिल, नांगराचे फाळ, रिसॉर्टवाल्यांचे झोपाळे, जे येईल ते जोडून देतो. घरची भाताची चार खाचरं मुळशीत, धरणाच्या अंगाला. लावणी म्हणजे आठ-दहा दिवस गुडघाभर चिखलात वाकून राहायचं. त्यात बायकोच्या मणक्यात गॅप पडली. डॉक्टर म्हणाले, वाकणं बंद. ती म्हणाली, "मग लावणी काय डॉक्टर येऊन करणार हायेत व्हय?"

म्हणून मी भात लावायचं यंत्र करायला घेतलं. बाजारातली यंत्रं ट्रेमध्ये वाढवलेली नाजूक रोपं मागतात. आमच्याकडे जमीन भाजून राब करतात आणि त्यात रोपं वाढवतात. ती उंच आणि राठ. ती नीट धरतील असे चिमटे जमवायला मला तीन पावसाळे लागले. पहिल्या वर्षी दोन ओळींतच सगळं जाम झालं. बायको बांधावर बसून खो खो हसली. "अवो, रोपं झोडली न्हाईत तुमी!" आमच्याकडच्या बायका रोपं उपटली की मूठ पायावर आपटतात, मुळांचा चिखल झाडतात आणि मगच जुडी बांधतात. मी घाईत तशीच भरली होती. झोडलेली रोपं घातली आणि यंत्र सुरळीत चालायला लागलं. पण ते लोखंडाचं, जड. ओढताना माझाच दम निघायचा, तर तिचं काय. हलका सांगाडा आणि छोटी मोटर बसली असती तर तिला वाकायचं कारणच उरलं नसतं. पण करून बघायचं, मोडायचं, परत करायचं, एवढी माझ्या वर्कशॉपची ऐपत नव्हती.

लहान उद्योगांना नवीन काही शोधून काढायला सरकार अनुदान देतं, हे मला एका गिऱ्हाइकाने सांगितलं. अर्ज इंग्रजीत, पंचवीस पानी. तो लिहून देणारा सल्लागार त्यानेच गाठून दिला. सूसच्या एका सोसायटीत राहणारा, पांढऱ्या गाडीतून येणारा, गोड बोलणारा. "काका, टेन्शन घेऊ नका. प्रपोजल माझ्यावर सोडा. तुम्ही फक्त ड्रॉइंग द्या." मी ड्रॉइंगची अख्खी वही दिली. यंत्र चालवून दाखवलं, त्याने मोबाइलमध्ये सगळं टिपून घेतलं. वर आम्ही त्याला तांदळाची भाकरी आणि धरणातल्या माशांचं कालवण जेवू घातलं. वही गेली त्यापेक्षा मला त्या कालवणाचा संताप जास्त येतो.

काही महिन्यांनी फोनवर म्हणाला, "रिजेक्ट झालं, काका. बॅड लक."

पुढच्या आषाढात गावात बातमी आली की आमच्याच भावकीतल्या एका खाचरात सरकारी मदतीवर बनलेल्या लावणी यंत्राची चाचणी आहे, अधिकारी येणार आहेत. आम्ही दोघं बघायला गेलो. टेम्पोतून यंत्र उतरवलं. माझंच यंत्र! अॅल्युमिनियमचा सांगाडा, छोटी मोटर, निळा रंग. पण चिमटे माझे, साखळीचा फेरा माझा. बायकोने पुढे होऊन दांड्याची मूठ धरली आणि माझ्याकडे बघितलं. "अवो, ही माज्या कोपराच्या मापानं वाकवलेली मूठ हाय." मेल्याने तेवढंसुद्धा बदललं नव्हतं.

साहेब टेम्पोमागोमाग पांढऱ्या गाडीतून उतरला होता. मी त्याला बाजूला घेतलं. तो जरासुद्धा गडबडला नाही. "काका, आयडिया कुणाचीही असू शकते. कंपनी कुणाची, पेपर कुणाचे, ते बघतात. पण तुम्हाला विसरणार नाही मी. वेल्डिंगचं काम तुम्हालाच देईन." माझ्या यंत्राचं वेल्डिंग मला देणार! हातात पाना असता तर त्या दिवशी माझ्या हातून भलतंच झालं असतं.

मी बांधावर येऊन बसलो आणि माझी नजर जुड्यांवर गेली. गावातल्या बायका आपापल्या लावणीत गुंतलेल्या, म्हणून साहेबाने बांधकामावरचे मजूर आणून रोपं उपटून घेतली होती. एकेका जुडीला शेरभर चिखल! झोडायचं असतं हे वहीत नव्हतं. कागदावर कोण लिहितो असलं? बायकोनेही ते बघितलं. ती सांगायला उठली. मी तिचं मनगट धरलं. म्हटलं, "बस खाली."

दोन ओळी झकास लागल्या. तिसरीत चिमटे चिखलाने भरले, रोपं मध्येच तुटून पाण्यावर तरंगायला लागली, मोटर घरघरली आणि बंद पडली. साहेब बुटांसकट चिखलात उतरला, मजुरांवर ओरडला, चिमटे बोटांनी उकरायला लागला. त्याच्या कपाळापर्यंत चिखल! मला हसू आवरेना. अधिकाऱ्यांत एक मॅडम होत्या, शहाण्या वाटल्या. कुणीतरी त्यांना सांगितलं, हे इथले मिस्त्री, यंत्रातलं कळतं यांना. त्यांनी आपली डायरी उघडली आणि मला विचारलं, "तुमचं काय मत? यात काही सुधारणा करता येईल?"

सगळे माझ्याकडे बघत होते. साहेबही. एका वाक्यात मी त्याला वाचवू शकत होतो. मी त्याच्या डोळ्यांत बघून म्हणालो, "न्हाई मॅडम. हितल्या चिखलात असलं यंत्र चालायचंच न्हाई. कितीबी सुधारा."

मॅडमनी लिहून घेतलं. साहेबाचं पुढचं अनुदान थांबलं, आणि त्या वर्षभरात मी जेवढा सुखाने झोपलो तेवढा कधीच झोपलो नसेन.

मग मी माझा स्वतःचा अर्ज केला, माझ्या नावाने. भाचीने इंग्रजीत लिहून दिला. फोटो जोडले, पहिल्या वर्षापासूनचे. उत्तर यायला बरेच महिने गेले. पाकीट आलं तेव्हा माझे हात ग्रीसने भरलेले, म्हणून बायकोने फोडलं. पत्र मराठीत होतं. तिने वाचून दाखवलं. या प्रकारच्या यंत्राची याच भागात चाचणी झालेली असून, स्थानिक जाणकार मिस्त्रींच्या मतानुसार येथील चिखलात ते कितीही सुधारले तरी चालणार नाही. सबब अर्ज नामंजूर.

तिने पत्राची घडी घातली. मी वाट बघत होतो, आता बोलेल, शिव्या देईल.

"त्याचं तोंड पडलं तवा मलाबी लई बरं वाटलं हुतं," ती म्हणाली. "खोटं कशाला बोलू." मग पदर खोचला, कंबरेचा पट्टा करकचून आवळला आणि राबातली रोपं उपटायला निघून गेली.