जमारिसचं पोट आणि गावचा डोह

जमारिसच्या पोटाबद्दल गावात पहिला शब्द काढला तो त्याच्या मेव्हण्यानं. मेव्हणा म्हणजे बायकोचा भाऊ, आणि शिवाय गावच्या पंचांचा मुख्य. लोक त्याला दातुक म्हणत. मशिदीच्या पायरीवर चपला शोधता शोधता दातुकनं जमारिसच्या शर्टाकडे पाहिलं आणि लग्नात मिळालेल्या किताबानं हाक मारत सहज विचारल्यासारखं विचारलं,

"काय सुतान, खालची दोन बटणं तुटली, की लागत नाहीत?"

पायरीवरच्या सातआठ जणांची नजर एकदम त्या बटणांवर गेली.

दुसऱ्या एखाद्या गावात माणसाचं पोट सुटलं, तर बायको चांगलं खाऊ घालते म्हणून लोक कौतुक करतात. लुबुक तारापमध्ये तसं करता येत नाही. इथल्या नदीत, मशिदीच्या खालच्या अंगाला, राखीव डोह आहे. त्यातले गारिंग मासे हातभर लांब, सोनेरी खवल्यांचे आणि गावकऱ्यांपेक्षा कितीतरी निवांत. वर्षातून एकदा, पाणी उतरलं की डोह उघडतो. सगळं गाव जाळी घेऊन उतरतं, घरटी वाटा मिळतो, उरलेले मासे विकून शाळेचं छप्पर शाकारतात. एरवी त्या माशाला हात लावायचा नाही. लावलाच, तर गावच्या मांत्रिकानं, मालिन आजोबांनी, पाण्यात सोडलेला मंत्र आपलं काम करतो. चोराचं पोट फुगतं. नगाऱ्यासारखं.

आणि जमारिस होता डोहाचा राखणदार.

अकरा वर्षं तो हे काम करत होता, आणि मुळात काडीसारखा माणूस. पाऊस लागून नदी चढली, की गारिंग अंडी घालायला वरच्या ओढ्यांत शिरतात. तेव्हा हा ओढ्याच्या तोंडाशी छत्री घेऊन बसायचा आणि जाळं घेऊन येणाऱ्याला त्याच्या सात पिढ्यांची माहिती द्यायचा. भात पिकायला आलं, की रानडुकरं शेतात उतरायची. मग दर रविवारी कुत्री घेऊन शिकार. डुक्कर मारायचं, पण धर्मानं वर्ज्य म्हणून खायचं नाही. त्यामुळे शिकारीनंतर डुक्कर कुत्र्यांच्या वाट्याला जायचं आणि फुशारकी माणसांच्या. जमारिसच्या कुत्र्याला त्या दिवशी पहाटे दोन कच्ची अंडी आणि मध मिळायचा. जमारिसला कालचा भात. पण हरीण मारायचं नाही, हा त्याचा नियम. तोच कुत्रा हरणामागे धावला, तर जमारिस अशी शीळ घालायचा की कुत्र्यासकट हरीणसुद्धा थबकायचं.

असा हा माणूस ऐन दुरियनच्या, त्या फणसासारख्या काटेरी फळाच्या, हंगामात फुगायला लागला. डोह उघडायला उरले होते तीन आठवडे.

खरं कारण अगदी साधं होतं, पण ते फक्त याच मुलखात घडू शकतं. इकडे घर बाईचं. लग्न झालं की पुरुष बायकोच्या घरी राहायला जातो. म्हणजे गावातले झाडून सगळे घरजावई. पण आईच्या घराशी नातं सुटत नाही. तिथे तो भाच्यांचा मामा, त्याच्याशिवाय पान हलत नाही. जमारिस दुपारी बहिणीकडे जायचा, तर ती चिकट भातावर दुरियनचा गर ओतून पुढे ठेवायची. "खा रे दादा, तिकडे तुला कोण विचारतंय!" संध्याकाळी घरी आला, की बायको युस्निमार त्याहून मोठी थाळी भरायची. "खा हो, तुमच्या बहिणीकडे काय मिळत असणार!" ताटाला नाही म्हणणं म्हणजे त्या घराचा अपमान. जमारिसनं दोन्ही घरांचा मान राखला. पोटाचा राखला नाही.

मशिदीच्या पायरीवरून तो तडक दवाखान्यात गेला. तिथल्या नर्सबाईंनी पोटावर बोटं वाजवून पाहिली.

"पोटात वारा धरलाय," त्या म्हणाल्या. "वारा आणि दुरियन. या गोळ्या घ्या, दोन दिवसांत उतरेल. आणि काका, एक घर सोडा."

जमारिस हरखला. गोळ्या खिशात टाकून छाती काढून निघाला. छाती आली नाही, पोटच आलं. वाटेत एपीचं मोटारसायकल दुरुस्तीचं दुकान होतं. एपी चांगला तिशीचा बाप्या. गाडीच्या बॅटरीची तार पाण्यात सोडून तो मासे मारतो, असा जमारिसला दाट संशय होता. विजेनं मोठ्यांबरोबर बोटाएवढी पिल्लंसुद्धा मरतात. पण एपी कधी सापडला नव्हता.

"काय सुतान, काय म्हणाली नर्स?"

"काही नाही रे. गोळीनं उतरेल म्हणाली."

एपीचा पाना हातातच राहिला. त्याच्या तोंडावर हळूहळू असा उजेड पसरला, की जमारिसनं खिशातल्या गोळ्यांवर हात दाबून धरला.

"गोळीनं उतरतं? मंत्राचं पोट? मग आजवर सांगितलं का नाही कुणी! दुकानात मिळते की चिठ्ठी लागते?"

जमारिस पुलावर येऊन उभा राहिला. खाली गारिंग गर्दी करून तोंडं उघडत होते. त्याच्या ध्यानात आलं. गोळी घेऊन पोट उतरलं, तर उद्यापासून प्रत्येक चोराच्या खिशात गोळी. नुसता वारा होता म्हणून सांगितलं, तर गाव म्हणणार, मग सगळ्यांचाच वारा असेल. अकरा वर्षं तो राखण करत होता असं त्याला वाटायचं. खरी राखण भीती करत होती, हा नुसता छत्री घेऊन बसायचा. त्यानं गोळ्या पाण्यात फेकायला हात उचलला, पण माशांना काय होईल सांगता येईना. शेवटी काठावर खड्डा करून पुरल्या.

दुसऱ्या दिवशी मालिन आजोबा काठी टेकत स्वतः डोहावर आले.

"खाल्लास?"

"नाही आजोबा. तुमच्या मंत्राची शपथ."

"त्याची नको घेऊस." आजोबांनी इकडेतिकडे पाहिलं. "माझ्या आजाला तो पुरा यायचा. मला अर्धाच आठवतो. उरलेल्या जागी मी खोकतो."

जमारिसनं त्यांना हात देऊन काठावर बसवलं.

"म्हणजे बघ," आजोबा म्हणाले, "तू साव असलास तर मंत्र खोटा. तू चोर असलास तर मंत्र खरा. मी काही बोलत नाही. माझं वय झालं."

शुक्रवारी नमाजानंतर पंच बसले. सगळं गाव हजर. एपी तर पुढच्या रांगेत, शेंगदाणे घेऊन. दातुकनं घसा साफ केला.

"सुतान, घरचा माणूस म्हणून विचारतो. हे पोट कशाचं?"

खरं सांगायचं तर जमारिसच्या जिभेवर दुरियन आला होता. अकरा वर्षांचं नाव होतं. डोह उघडताना पहिलं जाळं टाकायचा मान होता. कोपऱ्यात बहीण बसली होती, भाच्या बसल्या होत्या. त्यानं एपीच्या शेंगदाण्यांकडे पाहिलं.

"एक मासा खाल्ला," तो म्हणाला. "लहानसा. नर्सबाईंच्या गोळ्याही आणल्या. काही उपयोग नाही, दातुक. उलट वाढलं."

सभेत जो हंबरडा उठला तो बहिणीचा. एपीचे शेंगदाणे खाली सांडले. मालिन आजोबांना जोराचा खोकला आला, सवयच ती.

शिक्षा ठरली. मशिदीच्या ओट्यासाठी सिमेंटची दहा पोती, राखणदारी गेली, पहिल्या जाळ्याचा मान गेला. उतारा म्हणून आजोबांनी सात लिंबं कापली आणि हुकूम सोडला: सात दिवस एकाच घरी जेवायचं, तेही भाताची पेज. तिसऱ्या दिवशी पोट उतरलं. गावानं मंत्राला हात जोडले.

एपी मात्र सभेच्या दुसऱ्याच सकाळी आजोबांच्या अंगणात उभा. हातात बॅटरी, तारेचं वेटोळं.

"आजोबा, समजा... एखाद्यानं गेल्या वर्षी खाल्ला असेल, तर पोट किती दिवसांनी फुगतं?"

"नेम नाही बाबा," आजोबा म्हणाले. "कधी तीन दिवस, कधी तीन वर्षं. ती बॅटरी तिथे ठेव. आमच्या रेडिओला होईल."

घरी युस्निमार दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी पेजेची वाटी आदळून बोलली.

"माझ्या हातचं जेवून चोरून मासा खाल्लात! म्हणजे माझ्या हाताला चव नाही, असंच म्हणणार ना गाव?"

जमारिस पेज ढवळत राहिला.

"आणि शिजवला कुणी? तुम्हाला चूल पेटवता येत नाही. काटे कुणी काढले? सुकटसुद्धा माझ्याकडून निवडून..." ती थांबली. नवऱ्याकडे नीट पाहिलं. मग पदर तोंडावर धरून इतकी हसली, की शेजारीण खिडकीत आली.

"काय झालं गं?"

"काही नाही," युस्निमार डोळे पुसत म्हणाली. "चोराशी संसार आहे, बाई. रडू नको तर काय करू?"

पाणी उतरलं, डोह उघडला. पहिलं जाळं दातुकनं टाकलं आणि जाळ्यामागोमाग स्वतः पाण्यात गेला. दोघांनाही बाहेर काढल्यावर कळलं, की इतके मासे गावानं कधी पाहिलेच नव्हते. घरटी दुप्पट वाटा आला. आजोबांनी नवा मंत्र सोडला, खोकल्यासकट, आणि डोह पुन्हा बंद झाला. नवा राखणदार नेमायला पंच बसले, तर कुणी तयार होईना. माशांच्या इतक्या जवळ बसायची हिंमत कुणाला? शेवटी ठरलं, की सध्या राखणदाराची गरजच नाही.

सवय वाईट. पंधरा दिवसांनी एका संध्याकाळी जमारिस काठावर जाऊन उभा राहिला. एक भलामोठा गारिंग पायाशी आला, म्हणून तो जरा वाकला.

"ए सुतान!" पलीकडे धुणं धूत असलेली एक बाई अशी कडाडली, की झाडावरचे बगळे उडाले. "हो मागं! माशांपासून लांब! लाज नाही वाटत?"

जमारिस चटकन दोन पावलं मागं सरला. मग जरा विचार करून आणखी दोन सरला. बाई कमरेवर हात ठेवून तो जाईपर्यंत बघत राहिली. चढ चढताना त्याच्या मनात आलं, बाईचा आवाज चांगला खणखणीत आहे, आणि नजरही. असं एक माणूस अकरा वर्षांत मिळालं असतं, तर छत्री घेऊन बसायचं तरी वाचलं असतं.