पेरूला कल्हई

मिरजगावात कुणाच्या घरी पंगत असली, की आमटीला उकळी फुटताच बनुबाईला हाक जायची. ती यायची, पळीतला थेंब तळहातावर घ्यायची, चाटायची आणि डोळे मिटायची. आचारी जीव मुठीत धरून उभा! "चिंच वाडीव," म्हणाली की चिंच पडायची. "ऱ्हाऊ दे," म्हणाली की पानं मांडली जायची. तिच्या जिभेवर अपील नव्हतं.

दोन हजार आठ साली ती जीभच आजारी पडली. नवऱ्याला ज्या आजारानं नेलं, तो एचआयव्ही बनुबाईच्याही रक्तात निघाला. तोंडात पांढरा थर, घास गिळताना आग. नगरच्या डॉक्टरीणबाईंनी तोंडाला जांभळं औषध लावलं, चघळायच्या गोळ्या दिल्या आणि मूळ दुखण्याच्या गोळ्या रोजच्या सुरू केल्या. हे सगळं फक्त धाकट्या जावेला, लंकाबाईला, ठाऊक. गावाला सांगितलं, तोंड आलंय. बनुबाई जांभळं तोंड घेऊन हिंडायची, तर अवेळी जांभळं मिळाली आणि एकटीनं खाल्ली म्हणून शेजारणी रुसल्या.

थर गेला, आग गेली, घास उतरू लागला. पण चव आली ती भलतीच. ताक कळकलेलं, वरण कळकलेलं. कल्हई उडालेल्या पितळेत आंबट ठेवलं की जी तुरट, जीभ आखडणारी चव येते ना, तीच. आता हिला गोळ्यांचा संशय यावा? छे! आपली जीभ चुकू शकते हे बनुबाईला स्वप्नातही सुचलं नसतं. तिनं घरातली सगळी भांडी अंगणात आणून आपटली आणि कल्हईवाल्याला बोलावणं धाडलं.

मग शेजारचं ताक चाखलं, तेही कळकलेलं. त्याच्या पलीकडचं सार, तेही. बनुबाईनं निकाल दिल्यावर बोलायचं कुणी? बायांनी ताक-सार उकिरड्यावर ओतलं आणि पातेली घेऊन रांग लावली. कल्हईवाल्यानं भाता मांडून गावातच मुक्काम ठोकला आणि बनुबाई दिसली की उठून नमस्कार करू लागला. एकट्या आक्काबाईनं पंगतींना उसनं जाणारं आपलं मोठं पातेलं कल्हईला दिलं नाही. "माज्या भांड्याला नावं ठिवनारी अजून जन्मायचीय," म्हणाली.

शेवटी एक दिवस बनुबाईनं झाडावरचा पेरू तोडून चावला आणि थू करून टाकला. "ह्यो बी कळकलाय!"

लंकाबाई हसता हसता खालीच बसली. "बाई, आता पेरूला बी कल्हई करायची व्हय?"

डॉक्टरीणबाईही आधी हसल्याच. मग म्हणाल्या, "ही गोळ्यांची चव आहे. हळूहळू कमी होईल. मिठाच्या पाण्यानं चुळा भरा, मऊ ब्रशनं दात घासा. गोळ्या मात्र सोडायच्या नाहीत."

बनुबाईला त्या सोडाव्याशा वाटल्या, अगदी मनापासून. जिभेशिवाय जगून करायचं काय? लंकाबाईनं दम भरला, "जीभ मागनं यील. आदी तुमी ऱ्हावा." ती रोज समोर बसून गोळी गिळायला लावायची आणि थोरल्या जावेच्याच ताटातली भाकरी मोडून खायची. बरोबर जेवल्यानं काही होत नाही, हे तिनं डॉक्टरीणबाईंकडून पुन्हा पुन्हा वदवून घेतलं होतं.

पेरूची गोष्ट गावभर झाली, तोंड आल्याच्या गोळ्यांनी बनुबाईची चव बिघडली एवढंच गावाला कळलं आणि पंगतीची हाक बंद पडली. बनुबाई लोकांबरोबर हसायची, पण आत लागायचं. लंकाबाईच्या लेकीच्या, ज्योतीच्या, साखरपुड्याची आमटी तरी आपल्या जिभेनं पास व्हावी, एवढीच तिची आस होती.

मार्गशीर्षात साखरपुडा आला. आमटी रटरटली आणि कुणी न बोलावता बनुबाई चुलीपाशी गेली. थेंब तळहातावर घेऊन चाटला.

"कळकलीय!"

मांडवात हशा पिकला. "वयनी, गोळी घेतली का सकाळी?" गोरक्षनाथ, लंकाबाईचा नवरा, ओरडला. बनुबाईचा चेहरा पडला. खरंच गोळीच असेल का? तिनं पाहुण्यांसाठी मांडून ठेवलेल्या ताटातला पेरू उचलला आणि भीत भीत चावला.

गोड! बियांसकट गोड!

"पेरू पेरूवानी लागतोय!" ती किंचाळली. "लंका, पेरू पेरूवानी लागतोय गं! आमटीच कळकलीय!"

लंकाबाईनं पळीनं आमटी ढवळून वर घेतली, पातेल्याची कड खरवडली. आत कल्हईचा मागमूस नव्हता, नुसतं पिवळंधमक पितळ. पातेलं आक्काबाईचं! आक्काबाई तेवढ्यात मांडवातून कुठं दिसेनाशी झाली, ते कुणाला कळलं नाही.

पाहुणे वेशीत आलेले आणि इकडं आमटी उकिरड्यावर चाललेली. गोरक्षनाथानं कपाळाला हात लावला. बनुबाई मात्र अर्धा पेरू नाचवत मांडवभर फिरत होती, भेटेल त्याला चावा घ्यायला लावत होती. घाईघाईनं लोखंडी कढईत पिठलं टाकलं. साखरपुड्याला पिठलं! बनुबाईनं थेंब तळहातावर घेतला, चाटला आणि डोळे मिटले.

"मीठ कमी हाय."

लंकाबाईचे डोळे भरून आले. तिनं चाखूनसुद्धा पाहिलं नाही, मुकाट्यानं मीठ टाकलं.