वरच्या मजल्याची मालकीण

माझ्या आत्याने माझ्या वडिलांना जन्माची अद्दल घडवली, आणि मला त्याचं आजही वाईट वाटत नाही.

आत्या बाबांची धाकटी बहीण. लग्न मोडलं तशी आमच्याकडे राहायला आली. पुढे बाबांनी घरावर मजला चढवला आणि वरच्या दोन खोल्या प्रवाशांना एकेका रात्रीच्या भाड्याने द्यायला लागले. धंदा जोरात चालला. कमाई वाढली तसा कराचा दरही चढला. तेव्हा बाबांनी शक्कल लढवली. वरचा मजला बक्षीसपत्र करून आत्याच्या नावावर केला, म्हणजे कमाई दोघांत विभागून कर कमी. भाडं तिच्या खात्यात जमा होई. खात्याचं कार्ड मात्र बाबांच्या पाकिटात.

राबायची आत्याच. चादरी, न्हाणीघर, गाद्यांना ऊन दाखवणं. एकदा एका पाहुण्याने विचारलं, "या कोण?"

"कामाला आहे. जेवूनखाऊन असते," बाबा म्हणाले.

आत्या तिथेच ओल्या चादरींची बादली घेऊन उभी होती. त्या दिवसापासून तिने त्यांना दादा म्हणणं सोडलं.

मग करखात्याची नोटीस आली. रात्रीच्या हिशेबाने खोल्या देणं हा धंदा, त्याची नोंदणी नव्हती. शिवाय पाहुण्यांकडून घेतलेला मुक्काम-कर सरकारात भरलेलाच नव्हता. तो बाबांनी गिळला होता. नोटिशीवर नाव आत्याचं.

"मालकीण तू, निस्तर तूच," बाबा पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले. "दागिने आहेत ना, मोड."

"मालकीण मी?"

"कागदावर तरी तूच."

"बरं," आत्या म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मला घेऊन ती करकार्यालयात गेली. तिथल्या बाई म्हणाल्या, "मजला तुमच्या नावावर, तर कर तुम्हालाच भरावा लागेल."

"आणि भाडं?"

"तेही तुमचंच की."

आत्याने थकबाकीचे हप्ते बांधून घेतले. तिथून थेट बँकेत जाऊन जुनं कार्ड बंद केलं आणि येताना कुलूपवाल्यालाच सोबत आणलं.

संध्याकाळी वरच्या दाराला बाबांची किल्ली लागेना. आत्याने आतून दार बोटभर उघडलं.

"खोली हवी असेल तर आधी सांगून ठेवायचं. मुक्काम-कर वेगळा पडेल."

बाबा तणतणत वकिलाकडे गेले. वकील म्हणाला, "बक्षीसपत्र नावापुरतं होतं म्हणायचं, तर ते कर चुकवायला केलं हेही कबूल करावं लागेल. मग दंड तुमच्या गळ्यात." बाबा थोबाडीत बसल्यासारखे घरी आले आणि न जेवता झोपले. आत्या त्या रात्री वर चवीने जेवली. मी तिच्याच ताटात जेवले.

हप्ते फिटले. आता चादरी धुवायला लाँड्रीवाला येतो. मागे बाबांचे जुने मित्र मुक्कामाला येणार होते, खाली जागा नव्हती. बाबा स्वतः जिना चढून गेले. आत्याने पूर्ण दर लावला, वर कर लावला, पावती फाडली. मित्रांसमोर बाबांनी मुकाट्याने पैसे मोजले.

मी तिला विचारलं, "सख्ख्या भावाला एवढं? काहीच वाटत नाही?"

"वाटतं ना," उशीला अभ्रा घालत ती म्हणाली. "इतकी वर्षं कशाला थांबले, असं वाटतं."