उलट्या वेढ्याचा टाका

शोभाकाकूंचा फोन आला तेव्हा मी साकेत नगरच्या रुग्णालयात, एक्स-रेच्या खोलीत ड्यूटीवर होतो. "सुनील, काका गेले रे," एवढंच त्या म्हणाल्या. झोपेतच गेले. लोक म्हणाले, भाग्यवान माणूस, त्रास झाला नाही. मीही मान हलवली. पण त्रास झाला होता, शेवटचे तीन-चार महिने झाला होता, आणि तो मी दिला होता. हे मला कळलं दहाव्याच्या दिवशी... पण त्यासाठी जरा मागे जायला हवं.

वामनकाका मूळचे नागपूरचे, सोनागिरीजवळच्या कारखान्यात इलेक्ट्रिकल विभागात तंत्रज्ञ, आणि तेव्हाचे आमचे समोरचे शेजारी. कॉलेजात असताना मी गिटारच्या नादी लागलो. परदेशी उपकरणं घ्यायची ऐपत नव्हती, म्हणून काकांनी भंगारातल्या रेडिओंचे काचेचे वॉल्व्ह जमवून माझ्यासाठी एक डबा बांधला. आत दोन लांब स्प्रिंगा टांगलेल्या. गिटारचा आवाज त्यांच्यातून फिरून यायचा तो रिकाम्या टाकीत गायल्यासारखा घुमत, आणि शेजारचं बटण पिळलं की तोच घोगरा, फाटका व्हायचा. चांगल्या वाद्याचा घसा बसवायला एवढी मेहनत, असं काकू चिडवायच्या. डब्याचे नखरेही फार. वॉल्व्ह तापेपर्यंत थांबायचं. शेजारून कोणी पाय आपटत गेलं तरी स्प्रिंगा गडगडायच्या, म्हणून गणेशोत्सवाच्या कार्यक्रमात काका तो दुमडलेल्या गोधडीवर ठेवायचे आणि स्वतः पहाऱ्याला बसायचे.

दुरुस्ती त्यांनीच मला शिकवली. डबा बंद केला तरी आत करंट साठलेला असतो, तो आधी उतरवायचा. तपासताना एक हात खिशात, म्हणजे झटका बसला तरी छातीतून जात नाही. तारेचा जोडपट्टीच्या टोकाभोवती वेढा द्यायचा आणि मगच सोल्डरचा टाका मारायचा. काका डावखुरे, त्यामुळे त्यांचा वेढा उलटा पडायचा. मी उजव्या हाताचा, पण त्यांचं बघूनच शिकलो, म्हणून माझाही उलटाच पडतो. रेडिओवाले हसायचे. आम्हा दोघांना त्याचा अभिमान होता.

अलीकडे काकांना बारीक आवाज ऐकू येईनासे झाले होते. दाराची बेल, कुकरची शिट्टी. ते कबूल करायचे नाहीत. डब्याचा आवाज दबला आहे असं ठरवून गेल्या गणपतीआधी त्यांनी आवाजाची धार ठरवणारा एक कंडेन्सर बदलला. आवाज इतका टोकदार झाला की कार्यक्रमात पहिल्या रांगेतल्या बायकांनी कानांवर हात ठेवले. "कसा वाटला?" काकांनी विचारलं. "एकदम मस्त," मी म्हणालो. पुढे ते भाचीच्या लग्नाला नागपूरला गेले. डबा माझ्याकडेच होता, त्यांनी काढलेला जुना कंडेन्सरही होता. तो मी गुपचूप परत बसवला. त्यांचा मान राखला, असं मला वाटलं.

ते परत आल्यावर मी डबा नेऊन दिला आणि त्यांनी धूळ काढायला तो उघडला. मी समोरच बसलो होतो. चष्मा खालीवर करत ते बराच वेळ बघत राहिले... "हा तर जुनाच कंडेन्सर आहे. मी परत लावला का रे? आठवून नाही राहिलं मला."

तेव्हाच सांगता आलं असतं. पण मग त्यांच्या कानांचंही सांगावं लागलं असतं, आणि तेवढी माझी छाती झाली नाही. "लावला असेल तुम्हीच, काका," मी म्हणालो. त्यांनी टाक्यावरून बोट फिरवलं. "हो, वेढा तर माझाच आहे." त्यांनी हळूच झाकण लावलं. त्यानंतर त्यांच्या हातात सोल्डरिंग आयर्न दिसलं नाही. वय झालं, असं मी समजलो.

दहाव्याला काकू भिंतीला टेकून बोलत होत्या. "त्यांनी गॅसला हात लावणं सोडलं होतं, बेटा. फिरायला जाताना घराचा पत्ता लिहून खिशात ठेवायचे. मी म्हणायची, अहो, तुम्हाला सगळं याद आहे, वहम कशाला करता? तर म्हणायचे, शोभा, मी माझ्या हातानं केलेलं काम विसरलो, डोळ्यांनी पाहिलं मी. तुला सांगू देत नव्हते. म्हणायचे, सुनील कीव करेल."

मी तिथेच सगळं सांगून टाकलं. काकूंनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. रडल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. "कान गेले म्हटलं असतंस तर दोन दिवस रुसले असते," त्या म्हणाल्या. "मग मशीन लावून घेतलं असतं." आणि उठून आत गेल्या.

डबा आता माझ्याकडे आहे, परवाच काकूंकडून रिक्षातून मांडीवर घेऊन आलो. चालू केला, वॉल्व्ह तापू दिले, एक तार छेडली. त्या जुन्या कंडेन्सरवर आवाज अगदी हवा तसा येतो, गोल आणि भरलेला. मी बंद केला. पुन्हा चालू करायचा धीर अजून झालेला नाही.